कायद्याची विद्यार्थिनी

अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले बुलढाणा हे वऱ्हाडातील एक टुमदार गाव. १८८२ साली ते आजच्याहून कितीतरी लहान होते. निजामाकडून इंग्रजांच्या हाती आलेल्या वऱ्हाडाचा कारभार पाहणाऱ्या सरकारी कचेऱ्या, कारकुनांची घरे आणि भोवताली पसरलेली शेते, एवढाच त्याचा पसारा. यांपैकी एका कचेरीत बापूजी हरि शिंदे हे हेडक्लार्क होते. त्यांची कन्या ताराबाई. मुलींना अक्षरओळख होणेही दुर्मीळ होते अशा त्या काळात बापूजींनी आपल्या मुलीला लिहावयास-वाचावयास शिकविले होते. घरी येणारी वृत्तपत्रे ताराबाई बारकाईने वाचीत.

त्या सुमारास सुरतेकडील एका खटल्याची वार्ता वृत्तपत्रांतून सर्वत्र पसरली. विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेवर आपल्या नवजात अर्भकाचा प्राण घेतल्याचा आरोप होता. १८८१ मध्ये न्यायालयाने तिला फाशीची शिक्षा फर्मावली. पुढे अपिलात फाशी टळली, तरी शिक्षा टळली नाही. विधवेला पुनर्विवाहाची बंदी कोणी केली, तिला लोकलज्जेच्या भयाने वेडेपिसे कोणी केले, याचा विचार फारसा कोणी केला नाही. उलट काही वृत्तपत्रे समस्त स्त्रीजातीच्या नावाने बोटे मोडू लागली. बुलढाण्यात बसून ताराबाईंनी या निंदकांना सडेतोड उत्तर लिहिले. १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापून निघालेले ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक म्हणजेच ते उत्तर होय. समाज त्यावर संतापला. परंतु महात्मा जोतीराव फुले ताराबाईंच्या पाठीशी खंबीरपणे उभे राहिले.

त्या खटल्याकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट प्रकर्षाने ध्यानात येते. कायदे करणारे पुरुष होते, न्यायासनावर पुरुष होते आणि दोन्ही बाजूंचे वकीलही पुरुषच होते. स्त्रीला न्यायालयात आरोपी म्हणून उभे राहता येत होते, साक्षीदार म्हणूनही उभे राहता येत होते. वकील म्हणून मात्र तिला तेथे जागा नव्हती. बुलढाण्याच्या ताराबाईंनी लेखणीने स्त्रियांची बाजू मांडली. हीच बाजू न्यायालयात कायद्याच्या भाषेत मांडावयाची, तर कोणीतरी कायद्याचे शिक्षण घेणे अवश्य होते. ते शिक्षण घेण्याचा निश्चय त्याच काळी पुण्यातील एका मुलीने केला होता. तिचे नाव कॉर्नेलिया सोराबजी.

कॉर्नेलियाचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिक येथे झाला. तिचे वडील रेव्हरंड सोराबजी खरसेटजी हे पारशी कुळात जन्मून पुढे ख्रिस्ती झालेले गृहस्थ. आई फ्रान्सिना यांनी पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल ही शाळा चालविली. घरात मुलींचा मोठा मेळा होता. आणि मुलगी म्हणून कोणाच्या शिक्षणात काही उणे राहू नये, असा आईचा कटाक्ष असे. अडल्यानडल्या बायका सल्ला विचारण्यासाठी या घरी येत. एकदा गुजरातकडची एक श्रीमंत विधवा आली. ती पडदानशीन होती. म्हणजे परपुरुषासमोर येण्याची तिला मनाई होती. तिच्या मालमत्तेचा सारा व्यवहार तिच्या कारभाऱ्याच्या हाती असे. त्याने एक कागद पुढे केला आणि तिने विश्वासाने त्यावर सही केली. त्या एका सहीसरशी तिची सारी मालमत्ता गेली. वकिलाकडे जावे, तर वकील पुरुष; आणि कारभाऱ्यामार्फत जावे, तर तोच लुटारू! कोपऱ्यात बसून ऐकणाऱ्या कॉर्नेलियाला त्या बाईची फार कणव आली. आईने तिला जवळ घेऊन सांगितले, की अशा कितीतरी स्त्रिया या देशात आहेत. त्यांना साहाय्य करावयाचे असेल, तर मोठेपणी कायदा शीक. कॉर्नेलियाने पुढे आपल्या आत्मचरित्रात ही आठवण मोठ्या कृतज्ञतेने नमूद केली आहे.

निश्चय करणे सोपे. वाट मात्र खडतर होती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात तिने प्रवेश घेतला, तेव्हा साऱ्या कॉलेजात ती एकटीच मुलगी होती. व्याख्यानाच्या वर्गाशी ती पोहोचली, की काही विद्यार्थी तिच्या तोंडावर दार लावून घेत. कॉर्नेलियाने याला उत्तर दिले ते अभ्यासाने. पदवी परीक्षेत ती पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली आणि मुंबई विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर ठरली. अशा यशस्वी विद्यार्थ्याला इंग्लंडात जाऊन शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळत असे. परंतु कॉर्नेलिया मुलगी असल्यामुळे ती शिष्यवृत्ती तिला नाकारण्यात आली. ती खचून गेली नाही. अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात तिने इंग्रजी शिकविण्याचे काम पत्करले. वर्गातील सारे विद्यार्थी मुलगे होते आणि त्यांची अध्यापिका होती अवघ्या एकवीस-बावीस वर्षांची एक तरुणी!

शिष्यवृत्ती नाकारल्याची वार्ता समुद्रापार पोहोचली आणि हा प्रश्न ब्रिटिश पार्लमेंटातही विचारला गेला. काही न्यायप्रिय माणसांना हा अन्याय सहन झाला नाही. लॉर्ड आर्थर हॉबहाउस यांच्या पत्नी मेरी हॉबहाउस यांनी वृत्तपत्रातून आवाहन करून कॉर्नेलियासाठी निधी जमविण्यास प्रारंभ केला. रुग्णसेवेसाठी जगद्‌विख्यात झालेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल आणि मुंबई इलाख्यात न्यायाधीश म्हणून काम केलेले सर विल्यम वेडरबर्न यांनीही त्यास हातभार लावला. जे सरकारने दिले नाही, ते लोकांनी दिले. १८८९ मध्ये कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल हॉलमध्ये दाखल झाली.

हॉबहाउस दांपत्याने तिला घरच्या मुलीप्रमाणे जवळ केले. सुटीत ती त्यांच्या लंडनमधील घरी राहावयास जाई. लॉर्ड हॉबहाउस हे नामांकित कायदेपंडित होते. हिंदुस्थानात व्हाइसरॉयच्या मंडळात त्यांनी कायदेमंत्र्याचे काम केले होते, आणि हिंदुस्थानातील खटल्यांची अंतिम अपिले जेथे चालत, त्या प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीत ते बसत असत. विवाहित स्त्रीला स्वतःच्या मालमत्तेवर हक्क असावा, या मताचे ते खंदे पुरस्कर्ते होते. विवाह होताच पत्नीची बहुतेक मालमत्ता पतीच्या ताब्यात जावी, अशी इंग्लंडातील जुनी रीत होती. ती बदलण्यासाठी तेथील सुधारकांनी अनेक वर्षे झगडून १८८२ मध्ये नवा कायदा करवून घेतला. ज्या वर्षी बुलढाण्याच्या ताराबाईंचे पुस्तक छापले गेले, त्याच वर्षी हा कायदा झाला! स्त्रियांवरील अन्याय हा एकट्या हिंदुस्थानचा नाही. आणि रूढी कितीही जुनी असली तरी कायद्याने तिला आवर घालता येतो, ही शिकवण कॉर्नेलियाला तेथील वास्तव्यात मिळाली.

ऑक्सफर्डमध्येही कायद्याचे दार सहजासहजी उघडले नाही. प्रथम तिला साहित्याचा अभ्यास करण्यास सांगण्यात आले. मुलीला कायदा शिकून काय करावयाचे, असेच अनेकांना वाटे. परंतु बॅलिओल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जॉवेट यांनी तिची तळमळ ओळखली आणि तिच्या कायद्याच्या अभ्यासाची व्यवस्था लावून दिली. मग एकाहून एक थोर गुरू तिला लाभले. कलकत्त्याच्या उच्च न्यायालयात न्यायाधीश असलेले सर विल्यम मार्कबी तेथे हिंदी कायदा शिकवीत. कायद्यापुढे सर्व समान, हे तत्त्व ज्यांच्या ग्रंथामुळे सर्वतोमुखी झाले, ते प्राध्यापक डायसी तिला शिकवावयास होते. ऑल सोल्स कॉलेजचे प्रमुख सर विल्यम ॲन्सन यांनी तर आपल्या कॉलेजचे प्रसिद्ध ग्रंथालय तिला अभ्यासासाठी खुले करून दिले. पुण्यात जिच्या तोंडावर दार लावले जात होते, तिच्यासाठी येथे ग्रंथालयाचे दार आपण होऊन उघडण्यात आले. याचे तिला किती अप्रूप वाटले असेल!

या गुरूंच्या सहवासात कॉर्नेलियाच्या मनात मोठा पालट घडून आला. पुण्याहून निघताना तिच्यापाशी होती ती दुःखी स्त्रियांविषयीची अपार कणव. परंतु न्यायालयात कणव हा पुरावा होत नाही. फसवणूक झाली असे म्हटले, तर ती कोणत्या कागदाने, कोणत्या दिवशी, कोणाच्या साक्षीने झाली, हे सांगावे लागते. प्रतिपक्षाचे म्हणणे आपल्या म्हणण्याइतकेच बारकाईने समजून घ्यावे लागते. आवेशाने बोलणारी मुलगी आता प्रत्येक शब्द तोलून पाहू लागली. अश्रूंची जागा अभ्यासाने घेतली. मात्र ज्यांच्यासाठी हा अभ्यास मांडला होता, त्या पडद्याआडच्या स्त्रियांचा तिला कधी विसर पडला नाही.

१८९२ मध्ये बी. सी. एल. या कायद्याच्या उच्च परीक्षेची वेळ आली. ही परीक्षा तोवर एकाही स्त्रीने दिली नव्हती. स्त्रीची उत्तरपत्रिका तपासण्यास एका परीक्षकाने नकार दिला. कॉर्नेलियाचे म्हणणे साधे होते. सवलत नको, इतर विद्यार्थी जेथे बसतील तेथे, जी प्रश्नपत्रिका सोडवतील तीच, मलाही सोडवू द्या. तिच्या स्नेह्यांनी विद्यापीठाकडे अर्ज केले, आणि अखेर परीक्षेच्या तोंडावर विद्यापीठाच्या सभेने खास ठराव करून तिला अनुमती दिली. कॉर्नेलिया परीक्षेस बसली आणि तिसऱ्या वर्गात उत्तीर्ण झाली. पहिल्या वर्गाची सवय असलेल्या त्या मुलीला हे यश थोडे उणे वाटले असल्यास नवल नाही. त्याहून मोठी उणीव पुढेच होती. ऑक्सफर्ड विद्यापीठ त्या काळी स्त्रियांची परीक्षा घेई. पदवी मात्र देत नसे. ज्या विद्यापीठात समान न्यायाचे तत्त्व शिकविले जात होते, त्या विद्यापीठाच्या स्वतःच्या नियमांत ते तत्त्व अद्याप उतरले नव्हते. तत्त्व आणि आचार यांतील हे अंतर पाहणे, हादेखील तिच्या शिक्षणाचा एक भाग झाला.

परीक्षेनंतर लंडनमधील ली अँड पेम्बर्टन या सॉलिसिटरांच्या कचेरीत तिने काही काळ उमेदवारी केली. मृत्युपत्र, खरेदीखत, विश्वस्तपत्र असे दस्तऐवज तेथे ती हाताळू लागली. एका सहीने त्या विधवेचे सर्वस्व गेले होते. तशी सही होण्यापूर्वी कागदात काय पाहावे, हे आता तिला कळू लागले. १८९३ मध्ये ती स्वदेशी परतली.

परतलेल्या कॉर्नेलियाबाईंपाशी विद्या होती. पण सनद नव्हती. इंग्रजी मुलखातील न्यायालयांत स्त्रीला वकिली करता येत नसे. म्हणून त्यांनी प्रथम काही संस्थानांत काम पाहिले. एका संस्थानात त्यांच्याकडे चक्क एका हत्तीचा दावा आला. पूर्वीच्या राजाने त्याच्या निर्वाहासाठी दिलेले उत्पन्न चालू राजा काढून घेऊ पाहत होता. आणि न्याय देणारा होता तोच राजा! कॉर्नेलियाबाईंनी मोठ्या कष्टाने युक्तिवाद तयार केला. राजेसाहेब झोपाळ्यावर बसले होते. जवळ त्यांचा लाडका कुत्रा होता. युक्तिवादाला प्रारंभ होण्यापूर्वीच त्यांनी निकाल बाईंच्या बाजूने देऊन टाकला. कारण काय, तर त्यांच्या कुत्र्याला बाई आवडल्या होत्या! अशील जिंकला, तरी वकीलबाई हिरमुसल्या. लहर कितीही उदार असली तरी ती लहरच. आज ती देईल आणि उद्या हिरावून घेईल. न्याय नियमाने मिळाला पाहिजे, ही त्यांची श्रद्धा या प्रसंगाने अधिकच दृढ झाली.

१८९६ मध्ये पुण्याच्या न्यायालयात खुनाच्या आरोपावरून एका स्त्रीवर खटला चालू होता. न्यायाधीशांच्या विशेष अनुमतीने कॉर्नेलियाबाई तिच्या बचावासाठी उभ्या राहिल्या. आरोपीच्या पिंजऱ्यात स्त्री, आणि तिची बाजू मांडणारीही स्त्री, असे दृश्य तेथे प्रथमच दिसले. विजयालक्ष्मीच्या खटल्यानंतर पंधरा वर्षांनी हे घडले.

तरीही सनद मिळेना. १८९७ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाची एलएल. बी. परीक्षा उत्तीर्ण झाल्या. १८९९ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षाही त्यांनी दिली. प्रत्येक वेळी परीक्षा पार पडे आणि पुढची वाट अडविली जाई. तेव्हा बाईंनी निराळा मार्ग काढला. अज्ञान वारस व पडदानशीन विधवा यांच्या जमीनदाऱ्या सरकारच्या देखरेखीखाली ठेवण्यासाठी कोर्ट ऑफ वॉर्ड्स नावाची व्यवस्था होती. तिच्या पुरुष अधिकाऱ्यांना पडद्याआड प्रवेश नव्हता. तेथे कायदा जाणणारी एक स्त्री सल्लागार नेमावी, असा आग्रह त्यांनी सरकारपाशी धरला. इंग्लंडातील त्यांच्या स्नेह्यांनीही त्यास पाठिंबा दिला. अखेर १९०४ मध्ये बंगालमध्ये त्यांची नेमणूक झाली.

पुढील अठरा-एकोणीस वर्षे बंगाल, बिहार, ओरिसा आणि आसाम या भागांत त्या अखंड फिरत राहिल्या. कधी आगगाडीने, कधी नावेतून, कधी पालखीतून त्या दूरदूरच्या वाड्यांवर जात. जनानखान्यात जमिनीवर बैठक मारून बसत आणि वर्षानुवर्षे कोणी न ऐकलेली गाऱ्हाणी ऐकून घेत. विधवेची पोटगी, दत्तकाचा वाद, अज्ञान मुलाचे शिक्षण, कारभाऱ्याचा खोटा हिशेब, असे शेकडो प्रश्न त्यांनी मार्गी लावले. कित्येक तंटे न्यायालयात न जाताच मिटले. बालपणी पाहिलेल्या त्या एका विधवेचे ऋण त्यांनी अशा रीतीने फेडले.

या कर्तृत्वालाही एक मर्यादा होती. ज्यांनी त्यांना हात दिला, त्या इंग्रज मित्रांविषयीची कृतज्ञता त्यांच्या मनात इतकी खोल होती, की इंग्रजी साम्राज्यातील अन्याय त्यांना पुरेसा दिसला नाही. देश स्वातंत्र्यासाठी झगडत असता त्यांनी साम्राज्याची बाजू घेतली. १९२७ मध्ये मिस मेयो या अमेरिकन लेखिकेने हिंदुस्थानची निंदा करणारे पुस्तक लिहिले, तेव्हाही त्यांनी तिची पाठराखण केली. त्यामुळे अनेक देशबांधव त्यांना दुरावले. गुरूंकडून विद्या घ्यावी. परंतु न्यायाचा तराजू गुरूंच्या देशालाही लावून पाहावा, हा धडा त्यांच्या जीवनातील या उणिवेपासून घेण्यासारखा आहे.

काळ मात्र पुढे सरकत होता. १९१९ मध्ये इंग्लंडात स्त्रियांना वकिलीचा व्यवसाय खुला झाला. १९२० मध्ये ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देण्यास प्रारंभ केला, आणि परीक्षेनंतर तब्बल तीस वर्षांनी, १९२२ मध्ये, कॉर्नेलियाबाईंनी आपली पदवी स्वीकारली. १९२३ मध्ये हिंदुस्थानातही स्त्रियांच्या वकिलीस मान्यता देणारा कायदा झाला. १९२४ मध्ये त्या कलकत्त्यात वकिली करू लागल्या, तेव्हा त्यांनी वयाची सत्तावन्न वर्षे ओलांडली होती. पुरुष वकील ज्या वयात निवृत्तीचा विचार करतात, त्या वयात या बाईंचा अधिकृत आरंभ झाला! त्याच सुमारास मिठन टाटा ही तरुणी लंडनहून बॅरिस्टर होऊन आली आणि मुंबईच्या उच्च न्यायालयात काम करू लागली. कॉर्नेलियाबाईंना जी वाट तोडून काढावी लागली, ती मिठनबाईंना तयार मिळाली. ६ जुलै १९५४ रोजी कॉर्नेलियाबाईंचे लंडन येथे निधन झाले.

बुलढाण्याच्या ताराबाईंचे पुस्तकही दीर्घकाळ विस्मृतीत पडले होते. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले, तेव्हा नव्वदांहून अधिक वर्षे उलटून गेली होती. एकीने वऱ्हाडातील एका लहान गावी बसून जाब विचारला. दुसरीने समुद्र ओलांडून त्याचे उत्तर देण्याची विद्या संपादन केली. दोघींच्या घरांत आणि विचारांत पुष्कळ अंतर होते. न्यायाची तहान मात्र एकच होती.

आज बुलढाणा, खामगाव, मेहकर, मलकापूर येथील न्यायालयांत काळा कोट घातलेल्या स्त्रिया वावरताना दिसतात, तेव्हा कोणी थबकून पाहत नाही. शेताच्या वाटणीसाठी किंवा पोटगीसाठी खेड्यातून एखादी बाई येते, आपली कैफियत मनमोकळेपणाने सांगते आणि पुढे आलेल्या कागदावर सही करण्याआधी विचारते, “बाई, यात काय लिहिलं आहे?” वकीलबाई तो कागद तिला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवतात. मग ती बाई सही करते.